खोल्या मोजू नका, भाऊ

बाई,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. उभा राहिलो, तोंड उघडलं आणि तसाच खाली बसलो. लोकांना वाटलं, भाऊंना गहिवरून आलं. गहिवर होताच, नाही कशाला म्हणू? पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या आधी जे चौघे-पाच जण बोलले, त्यांनी तुम्हाला पार शांत करून टाकलं होतं. शांत, सोशिक, कुणाला कधी उलट शब्द न बोलणाऱ्या. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, अहो, हे कोणाबद्दल चाललंय? या बाईंनी दहा वर्षं माझ्या डोक्याचा भुगा केला. एक वायर मला सरळ ओढू दिली नाही. पण पांढऱ्या साड्या नेसून बायका बसलेल्या, तुमच्या फोटोपुढे मेणबत्ती जळतेय, तिथं असं कसं बोलणार? म्हणून बसलो. आता इथं बोलतो, इथं मला कुणी अडवणार नाही. तुम्हीसुद्धा नाही, हीच तर पंचाईत आहे.

तुम्हाला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. सोसायटीत काही काम निघालं आणि जिना चढायला लागलो, की दुसऱ्या मजल्यावर पाय आपोआप सावकाश पडतो. दार उघडं असलं तर आतून हाक येणार, "भाऊ, जरा थांबा, एक शंका आहे." तुमची शंका म्हणजे माझ्या अख्ख्या दिवसाचं वाटोळं. आता दार उघडं असतं, आत तुमची आई बसलेली असते, आणि कुणाला काही शंका नसते. परवा त्या म्हणाल्या, "भाऊ, च्या घेऊन जा." मी आत गेलो, चहा घेतला. कप खाली ठेवला आणि निघालो.

तुम्ही गेलात तेही नेमक्या वेळी. सोसायटीच्या दुसऱ्या, नव्या इमारतीचा प्रश्न असाच लोंबकळत होता. एका खोलीच्या घरांना बारीक वायर घालायची की पुरी, हे रविवारच्या सभेत ठरायचं होतं, आणि तुमच्यामागे चेअरमन झालेल्या जाधवसाहेबांनी बारीकच घालायची असं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. तुमच्या बाजूनं बोलणारा उरलो कोण, तर मी. म्हणजे ज्यानं पहिल्या इमारतीच्या वेळी तुमच्याशी सगळ्यात जास्त भांडण केलं तो. नशीब पण काय थट्टा करतं!

तो पहिला दिवस आठवतो? आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. नाशिकला इंदिरानगरच्या बाजूला तेव्हा घरांपेक्षा शेतं जास्त. कारखान्यातले कामगार, कचेऱ्यांतले कारकून आणि तुमच्यासारखे दोन-चार शिक्षक, अशा सगळ्यांनी मिळून सोसायटी काढलेली. बहुतेक बौद्ध घरं, बहुतेक जण भाड्याच्या खोल्यांतून उठून पहिल्यांदा स्वतःच्या भिंतीत येणार होते. चार मजले. निम्मी घरं दोन खोल्यांची, निम्मी एका खोलीची, स्वयंपाकघर सगळ्यांना. वायरिंगचं काम माझ्याकडं आलं. मी दिंडोरीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, तंत्रनिकेतनातला डिप्लोमा आणि सरकारी परवाना खिशात, त्यामुळे ताठा होता. नकाशा कमिटीपुढं पसरला. सगळ्यांनी माना हलवल्या. तुम्ही नाही हलवली.

"हे काय आहे?" तुम्ही विचारलंत.

मी समजावलं. खाली मीटरखोली. तिथल्या प्रत्येक मीटरपासून एक जोडी वायर पाइपातून वर त्या-त्या घरापर्यंत जाते, तिला आम्ही फीडर म्हणतो. घरातला दिवा, पंखा, इस्त्री, जे काही चालेल ते तिच्या जिवावर. ती भिंतीत एकदा गाडली की गाडली. पुढं बारीक पडली तर भिंत फोडण्यावाचून इलाज नाही. म्हणून आधीच जाडी नीट ठरवायची असते. दोन खोल्यांच्या घराला सहाची, म्हणजे सहा चौरस मिलिमीटरची, एका खोलीच्या घराला चारची.

"एका खोलीला बारीक का?"

"लोड कमी, बाई."

"कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला पाहिजे? जेवढ्या खोल्या, तेवढे पॉइंट. जेवढे पॉइंट, तेवढा लोड. सगळीकडे असंच करतात."

तुम्ही चष्मा काढलात, पदरानं पुसलात. पुढं दहा वर्षांत मी शिकलो, तुम्ही चष्मा पुसायला लागलात की समोरच्याचं काही खरं नाही. "खोल्या मोजू नका, भाऊ," तुम्ही म्हणालात, "माणसं मोजा."

मला राग आला. का येऊ नये? म्हटलं, माणसं आज आहेत, उद्या नाहीत. पाहुणे येतात, पोरं होतात, पोरी सासरी जातात. वायर काय दरवर्षी जनगणना करून घालायची? कमिटीतले दोघं हसले. तुम्ही नाही हसलात. सातवीतल्या मुलाला सांगावं तसं मला म्हणालात, "उद्या पहिल्या पाळीच्या वेळेला रंगनाथच्या खोलीवर या. उशीर करू नका." आणि मी, चांगला परवानाधारक माणूस, सकाळी उठून गेलो. का गेलो, ते मला अजून कळलेलं नाही.

रंगनाथ म्हणजे आपला कारखान्यातला सभासद, एका खोलीच्या घरासाठी नाव नोंदवलेला. तेव्हा भाड्याच्या खोलीत राहायचा. हिवाळा होता आणि नाशिकची थंडी. दार उघडलं तर आत ही माणसं! रंगनाथ, त्याची बायको कौसल्या, आई, पोरं, चांदवडहून शिकायला आलेले दोन भाऊ आणि एक भाची. रॉकेल मिळत नव्हतं, रेशनच्या रांगेत उभं राहून डबा रिकामाच परत यायचा. त्यामुळे भाकरी विजेच्या शेगडीवर, आंघोळीचं पाणी बादलीतल्या कॉइलवर, आणि कोपऱ्यात भावाच्या पॅन्टवर इस्त्री फिरतेय. हे सगळं एका वायरीवर. मी सवयीनं वायरीला हात लावायला गेलो.

"नका लावू, भाऊ," कौसल्या म्हणाली, "लय तापती ती."

"मग एवढं सगळं एकदम चालवता कशाला? जळून मराल."

"मंग काय करू? भोंगा काय माझ्यासाठी थांबतो? रॉकेल नाय. पाणी उन्हात ठेवू म्हणता, तर ऊन तरी कुठं हाय आत्ता?"

 तिनं भाकरी उलटली आणि वर आणखी ऐकवलं, "त्या पल्याड दोन खोल्या हायेत, तिथं नवरा-बायको दोघंच. दोघं नोकरीला. दिसभर कुलूप."

बाहेर पडल्यावर तुम्ही सरळ चालायला लागलात. मीच बोललो, चिडून. म्हटलं, बरं, तुमचंच खरं. एका खोलीला सहाची घालतो, मग दोन खोल्यांना चारची घालू का? म्हणजे तुमचा न्याय पुरा होईल. तुम्ही म्हणालात, "नाही. तिथंही उद्या माणसं वाढतील. सगळ्यांना सारखी." जणू एवढंच तुमच्या मनात पहिल्यापासून होतं आणि रंगनाथकडची फेरी नुसती माझी शिकवणी होती. असंच असणार. तुम्ही मला शेवटपर्यंत खरं काही कळू दिलं नाहीत.

मग तो वाळूच्या ढिगावरचा दिवस. स्लॅब पडायची होती, आपण दोघं सेंट्रिंगवाल्यांची वाट बघत बसलो होतो. मी सहज विचारलं, बाई, या वायरीचं एवढं काय मनाला लावून घेतलंय?  तुम्ही चांदवडकडच्या तुमच्या गावाची गोष्ट सांगितलीत. गावात खांब आले, घराघरांत दिवे लागले, आणि तुमच्या वस्तीपाशी येऊन तार संपली. मग पुढं कधीतरी माणसं आली आणि इकडचे तिकडचे उरलेले तुकडे जोडून, गाठी मारून, वस्तीपर्यंत तार ओढून गेली. संध्याकाळी बल्ब लागायचा तो लाल. गावानं म्हणायचं, बघा, तुम्हालाही दिली. "दिवा दिसायचा, भाऊ," तुम्ही म्हणालात. "पुस्तक नाही दिसायचं."

मी मातीत बघत राहिलो. आमच्याही गावात अशी वस्ती होती. तिथं दिवा कधी आला, कसला आला, हे मला तोवर कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. हे तुम्हाला मी बोललो नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. तुम्हाला कळलं असणार, कारण त्या दिवशी पुढं तुम्ही माझ्याशी भांडला नाहीत.

पण बाई, एक गोष्ट इथं ठणकावून सांगतो, कारण त्या कार्यक्रमात कुणी सांगितली नाही. तुम्ही प्रत्येक वेळी बरोबर नसायच्यात. सगळ्यांना सारखी वायर, हा तुमचा हट्ट चूक होता, आणि तो चूक आहे हे मी तुम्हाला दाखवलं. आमच्या मळ्यात लांबच्या विहिरीवरची मोटर एका उन्हाळ्यात जळली होती. खांबाजवळच्या विहिरीवर तीच मोटर, तीच तार, तिला काही झालं नाही. वायर जेवढी लांब, तेवढा वाटेत विजेचा जोर कमी होत जातो. चौथ्या मजल्याला तळमजल्याइतकीच वायर घातली, तर चौथ्या मजल्यावर दिवा मंदच लागणार. हे मी तुम्हाला तोंडी सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "हे तुमचं जाड-बारीक करण्याचं नवीन निमित्त."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, चला साइटवर. वायरीचं अख्खं वेटोळं उलगडून प्लॉटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून नेलं. अलीकडे एक बल्ब, पलीकडच्या टोकाला तसाच दुसरा, आणि त्याच्या शेजारी पाण्याची कॉइल. तुम्ही हातात वर्तमानपत्र घेऊन पलीकडच्या बल्बापाशी उभ्या राहिलात. मी इकडून ओरडलो, "लावा कॉइल!" तुमच्या तोंडावरचा उजेड उतरला. इकडचा बल्ब जवळजवळ तसाच. तुम्ही वर्तमानपत्र डोळ्यांजवळ नेलंत, लांब धरलंत.  मी लांबून बघत होतो आणि मला जिंकल्याचा आनंद होईना.

मग तुम्ही चालत आलात. "म्हणजे सारखं दिलं तरी सारखं पोचत नाही."

"नाही पोचत. लांबच्याला जास्त द्यावं लागतं."

"मग हे इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बोलू दिलंत का?"

तुम्ही हसलात. मोकळेपणानं, मोठ्यानं. सेंट्रिंगवाले वळून बघायला लागले. दहा वर्षांत तुम्ही तेवढं एकदाच हसलात, माझ्यावर नव्हे, माझ्याबरोबर. तो आवाज मला पुन्हा एकदा ऐकायचा होता. पुढं मी मुद्दाम विनोद करायचो, तर तुम्ही म्हणायच्यात, "भाऊ, कामाचं बोला."

मग तसंच झालं. खालच्या मजल्यांना सहाची, वरच्या दोन्ही मजल्यांना दहाची, आणि खोली एक की दोन हे बघायचंच नाही. तळमजल्यावाले कुरकुरले, वरच्यांना जाड कशाला म्हणून. तुम्ही एकेकाला पकडून प्लॉटच्या टोकाला नेऊन उभं केलंत, हातात वर्तमानपत्र देऊन. माझी युक्ती, आणि मिरवलीत तुम्ही! मी कपाळाला हात लावला.

राहायला आल्यावरचं भांडण मात्र मिटलं नाही, ते तसंच टाकून तुम्ही गेलात. एका घराचा फ्यूज सारखा उडायचा, म्हणून कुणा शहाण्यानं फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार पिळून घातली. फ्यूज उडायचा थांबला आणि भिंतीतला फीडर जळाला. प्लॅस्टर काळं पडलं, सगळ्या जिन्यात वास. जीव वाचले ते वाचले. मी तुमच्या दारात येऊन ओरडलो, "हे बघा तुमच्या मोकळीकीचं फळ! मी सांगत होतो मीटरखोलीला कुलूप घाला, किल्ली माझ्याकडे ठेवा. लोकांच्या हातात फ्यूज द्यायचा नसतो." तुम्ही म्हणालात, "ज्याच्या घराचा फ्यूज, त्यानं दुसऱ्याच्या दारात किल्ली मागायला जायचं? रविवारी या आणि शिकवा."

रविवारी मीटरखोलीत सगळ्या बायका. पुरुष नाहीत, पुरुषांना सगळं येतं ना! मी शिकवत होतो आणि तुम्ही शेजारी उभ्या राहून माझं मराठी त्यांना मराठीत सांगत होतात. आधी मेन बंद, मगच हात. तार ठरलेलीच, जाड घातली तर ती फ्यूजचं काम करत नाही, मग भिंत जळते. कौसल्या सगळ्यांत आधी पुढं आली. तिच्या बोटांना पीठ लागलेलं होतं, तुम्ही तिला हात धुवून, कोरडे करून यायला लावलंत. ती दोरा ओवावा तशी फ्यूजची तार ओवून मोकळी झाली. तेव्हापासून या सोसायटीत फ्यूज बदलायला मला कुणी बोलावलं नाही. माझा धंदा बुडवलात, बाई. तरी मी अजून म्हणतो, किल्ली एकाच्या ताब्यात पाहिजे. तुम्ही गेलात म्हणून मी माझं मत बदलणार नाही.

आता मनातलं बोलतो. मला तुमच्याकडून एक शब्द हवा होता. "छान केलंत, भाऊ." बस. दहा वर्षांत एकदाही तुमच्या तोंडून तो निघाला नाही. शाळेतल्या पोरांच्या वहीवर तुम्ही लाल शाईनं शाबासकी लिहायच्यात, मी पाहिलंय. मला मात्र कायम शंका. घरी बायको म्हणायची, त्या मास्तरीणबाईंनी तुम्हाला काय चावलंय का? मी म्हणायचो, काही नाही गं, कामाचं बोलत होतो. मी तरी कुठं काय म्हणालो तुम्हाला? आता मी कुठल्याही साइटवर जातो, तर बिल्डरला पहिलं विचारतो, राहणार किती जण? ते म्हणतात, भाऊ, तुम्ही वायरिंग करताय की पंगत वाढताय? हसू देत. ही सवय तुमच्यामुळे लागली, हे तुम्हाला एकदा सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही आणखी डोक्यावर बसला असतात, म्हणून राहिलं.

हॉस्पिटलात मी मोसंबी घेऊन आलो होतो. तुमच्या हातात सुई, आवाज खोल गेलेला. डोळे उघडल्याबरोबर तुम्ही काय विचारावं? "दुसऱ्या इमारतीचा नकाशा झाला?"

"आधी बऱ्या व्हा, मग बोलू."

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या."

"झाला. घरी आलात की दाखवतो, मग भांडा काय भांडायचं ते."

तुम्ही मान वळवलीत. रागावलात बहुतेक. मी मोसंबी टेबलावर ठेवली आणि बाहेर पडलो. आपलं शेवटचं बोलणं ते एवढंच, आणि तेही अर्धवट. तुम्ही घरी याल असं मला खरंच वाटत होतं, बाई. नाहीतर तो नकाशा मी तिथंच तुमच्या पलंगावर पसरला असता, नर्स काही का म्हणेना.

परवाच्या रविवारी सभा झाली, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, सतरंजी टाकून. मी तयारी करून गेलो होतो. तुमचे सगळे मुद्दे पाठ. रंगनाथचं घर, रॉकेल, लाल बल्ब, चौथा मजला, सगळं. तुमच्यासारखाच शांत आवाज काढायचा, चिडायचं नाही, असंही ठरवलं होतं.

जाधवसाहेब बोलायला उभे राहिले. माणूस वाईट नाही, तुम्हीही म्हणायच्यात. पण त्यांच्या घरी दोन खोल्या, फ्रिज, टीव्ही, सगळं आहे. त्यांनी सरळ मांडलं. आता जमाना बदलला, दोन खोल्यांवाल्यांकडे वस्तू वाढल्या, त्यांना जाड वायर लागणारच. एका खोलीत काय चालणार? एक दिवा, एक पंखा. त्यांच्यासाठी उगाच जाड वायर भिंतीत गाडायची कशाला? "माणसानं अंथरूण पाहून पाय पसरावेत," ते म्हणाले. काही जणांनी माना हलवल्या.

मी उठायला गेलो. गुडघा दुखतो हल्ली, म्हणून भिंतीला हात टेकला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, अंथरूण तुमीच शिवताय ना? मंग पाय मोजून शिवा."

कौसल्या. बाई, कौसल्या! जी दहा वर्षं सभेत कोपऱ्यात बसून पोराला थोपटायची, आणि सभा संपली की जिन्यात तुमच्या कानाशी लागून आपलं म्हणणं सांगायची, म्हणजे मग तुम्ही ते पुढच्या सभेत मांडाल. ती उभी होती. पदर खोचलेला, आवाज कापत होता, पण थांबली नाही.

"माझी एकच खोली हाय. तिच्यातनं दोन दीर शिकून नोकरीला लागले. भाची नर्स झाली. आता पोरगी बारावीला हाय. सकाळच्या वक्ताला माझ्या घरात जेवढं चालतं ना, तेवढं तुमच्या दोन खोल्यांत आठ दिवसांत चालत नसंल. वायर बारीक असती तर आमी काय शिकायचं सोडून भिंत फोडत बसलो असतो? आन् नव्या बिल्डिंगीत एका खोलीत जे येतील, ते काय एकटे येणार हायेत? गरीब माणूस कधी एकटा येतो का, साहेब?"

 रंगनाथ बायकोकडं असा बघत होता, जणू ही कोण नवीनच. जाधवसाहेब म्हणाले, "कौसल्याबाई, हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं." आणि पुऱ्या वायरीच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं. हात वर गेले. मी भिंतीला टेकून तसाच अर्धवट उभा. माझ्याकडं बोलायचं इतकं होतं, आणि कुणाला त्याची गरजच राहिली नव्हती. तुमचीसुद्धा नाही, बाई. ते बघून मला आनंद झाला आणि त्याच क्षणी इतकं भरून आलं, की मी पुन्हा खाली बसलो. या वेळी मात्र लोकांना वाटलं ते खरं होतं.

मग माझा नकाशा पुढं आला. खोल्या न बघता सगळ्या घरांना पुरी वायर, वरच्या मजल्यांना आणखी जाड, मी आधीच तसा काढला होता. जाधवसाहेबांनी बघितला, म्हणाले, "ठीक आहे ना सगळ्यांना? मंजूर." संपलं. चहा आला.

तुम्ही असताना माझा एकही नकाशा पहिल्या फेरीत मंजूर झाला नाही. कुठंतरी तुमचं बोट टेकायचंच. हे का? ही कुणाची? हा मंजूर झालेला नकाशा घेऊन मी घरी आलो आणि मला तो पाहवेना. जेवण झालं, बायको म्हणाली, आता कशाला घेऊन बसलात, झालं ना मंजूर? म्हटलं, हो, झालं. तरी घेऊन बसलो. बाईंनी बोट कुठं टेकलं असतं, ते शोधत राहिलो. घर न् घर बघितलं. मजला न् मजला. सगळं बरोबर होतं.

मग सापडलं. गेटाजवळ वॉचमनची खोली. तिला मी फीडर दिलेलाच नव्हता. जिन्यातल्या दिव्याच्या वायरीतून दोन तारा काढून तिथं एक बल्ब टांगला होता, कारण घरांच्या यादीत ती खोली नव्हती, म्हणून तिचा लोड धरायचं मला सुचलंच नाही. आणि तिथं कोण राहणार, हे मला पक्कं माहीत आहे. सुरगाण्याकडचा माणूस आहे, सध्या साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. त्याची बायको, म्हातारी आई आणि तीन लहान पोरं. थोरली शाळेत जाते. मी रोज बघतो त्यांना.

मी खोडरबर घेतला आणि त्या दोन तारा पुसून टाकल्या. मीटरखोलीत एक मीटर वाढवलं, आणि तिथून गेटापर्यंत एक रेघ काढली. अंतर लांब आहे, म्हणून दहाची धरली. उद्या जाधवसाहेबांना दाखवणार आहे. ते विचारतील, वॉचमनला एवढी जाड वायर कशाला? सांगेन मी. भांडेन. आता मला येतं.

आता तरी बरोबर आहे का, बाई? सांगायला तुम्ही हव्या होतात.